चार्जर काढण्याआधी: आपल्या उपकरणांचा पर्यावरणावरचा भार कसा कमी करावा

नवा फोन खोक्यातून बाहेर येतो, तोवर त्याच्यापायी व्हायच्या प्रदूषणातलं बरंचसं होऊन गेलेलं असतं. ॲपल आपल्या प्रत्येक मॉडेलचा पर्यावरण अहवाल काढते. गेल्या काही वर्षांतले अहवाल चाळले तर एका आयफोनच्या नावावर त्याच्या सबंध आयुष्यात साधारण ६० ते ७० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन पडतं, आणि त्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास उत्पादनातच झालेलं असतं. खाणीतून धातू काढणं, तो शुद्ध करणं, चिप घडवणं, पडदा बनवणं, जोडणी करणं, ही सगळी त्यात आली. आपण वर्षानुवर्षं फोन चार्ज करतो त्याचा वाटा उरलेल्या थोडक्यात.

हे पटत नसेल तर स्वतःच आकडेमोड करून पाहा. पाच हजार एमएएचच्या बॅटरीत साधारण १९ वॅट-तास वीज मावते. चार्जरमध्ये आणि उष्णतेत वाया जाणारी धरून आपण २५ म्हणू. रोज शून्यापासून शंभरपर्यंत चार्ज केला तरी वर्षाला नऊ युनिटं. जगभरच्या विजेची सरासरी धरली तर एका युनिटमागे अर्ध्या किलोपेक्षा किंचित कमी कार्बन. म्हणजे वर्षभराचं चार्जिंग चार-साडेचार किलोंत आटोपतं. उलट उत्पादनाचे ५० किलो आपण दोन वर्षांवर वाटले तर वर्षाला २५ पडतात, पाच वर्षांवर वाटले तर १०. चार्जिंगमध्ये कितीही काटकसर केली तरी हा फरक भरून निघत नाही.

तेव्हा इथल्या पायऱ्यांचा क्रम नेहमीच्या याद्यांसारखा नाही. जिथे भार जास्त, तिथली गोष्ट आधी. चार्जर प्लगमधून काढणं आणि जुने ईमेल पुसणं यांना मधे कुठेतरी दोन-चार ओळी मिळतील.

पायरी १: मोजदाद

एक कागद घ्या आणि घरात जे जे काही पडद्याचं, बॅटरीचं किंवा इंटरनेटचं आहे ते लिहून काढा. चार रकाने पुरे: वस्तू, कधी घेतली, तक्रार काय, आणि कंपनी सॉफ्टवेअरचे अपडेट कधीपर्यंत देणार आहे. शेवटचा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो. मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर शोधलं की तारीख सापडते. पुढचे बरेच निर्णय याच रकान्यावर ठरतात, म्हणून तेवढे कष्ट घ्याच.

आता ड्रॉवर उघडा. वर्षापूर्वी बाजूला ठेवलेला फोन, कडा तडकलेला टॅब, एका कानाचा इअरफोन, 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेला लॅपटॉप. यांतलं जे चालू स्थितीत आहे ते आज कुणाच्या तरी उपयोगाचं आहे. दोन वर्षांनी नसेल. बॅटरी पडल्या पडल्याही मरते आणि सॉफ्टवेअरचा आधार संपत जातो. तुमचा ड्रॉवरातला फोन दुसऱ्या कुणाच्या हातात गेला तर त्याची एक नवी खरेदी टळते, हा फायदा वर्षभराच्या चार्जिंगमधल्या काटकसरीपेक्षा कितीतरी मोठा. घरच्या घरीच कुणाला नवा फोन हवा असेल तर पहिला अर्ज या ड्रॉवराकडे करावा.

पायरी २: आहे ते टिकवा

खरं काम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

लोक फोन बदलतात त्याची कारणं ठरलेली असतात: बॅटरी टिकत नाही, चार्ज होत नाही, जागा भरली, हळू चालतो, काच फुटली. या पाचांतल्या एकाही कारणासाठी नवा फोन लागत नाही.

बॅटरीपासून सुरू करू. लिथियम-आयन बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला फोन, उशीखाली चार्ज होणारा फोन, चार्जिंग चालू असताना त्यावर जड गेम खेळणं, या सवयींनी बॅटरीचं जेवढं नुकसान होतं तेवढं रोजच्या वापराने होत नाही. चार्ज होताना फोन हाताला चटका बसावा इतका तापत असेल तर कव्हर काढा. वायरलेस चार्जिंग सोयीचं असलं तरी त्यात वीज जास्त वाया जाते आणि ती उष्णता होऊन फोनमध्येच शिरते, तेव्हा रोजसाठी वायर बरी.

दुसरी गोष्ट, बॅटरीला शंभर टक्क्यांवर तासन्‌तास बसून राहणं आवडत नाही, आणि शून्याला टेकणंही नाही. आजकालच्या बहुतेक फोन-लॅपटॉपमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. लॅपटॉप दिवसभर प्लगला लावूनच वापरत असाल तर ती आजच चालू करा. 'बॅटरी आधी पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्ज करावी' हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. तो अजून घरोघरी फिरतोय, पण लिथियमला तो उलट बाधतो. एखादं उपकरण महिनोन्‌महिने वापरायचं नसेल तर अर्ध्यावर चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवावं.

'चार्जच होत नाही' ही तक्रार असेल तर दुकान गाठण्याआधी एक करून पाहा. फोन बंद करा, टॉर्च घ्या आणि चार्जिंगच्या भोकात डोकावा. खिशातला कापसासारखा मळ तिथे जाऊन बसतो आणि प्रत्येक वेळी वायर खोचताना आपण तो आत आत दाबत जातो. शेवटी त्याचा नमद्यासारखा थर तयार होतो. वायर पूर्ण आत जात नाही, 'टक्‌' असा आवाज येत नाही आणि जरा हललं की चार्जिंग तुटतं. लाकडी टूथपिकचं टोक बाजूच्या भिंतीला लावून तो हलक्या हाताने बाहेर ओढा. टाइप-सी असेल तर मधोमध एक पातळ जीभ असते, तिला धक्का लावू नका. सुई, पिन, पाणी यांतलं काहीच नको. निघालेला मळ बघून आश्चर्य वाटेल. पोर्ट खराब झालाय म्हणून बाद ठरलेले कितीतरी फोन एवढ्याने पुन्हा चालू लागतात.

लॅपटॉपचं दुखणं वेगळं. पंखा सतत घोंघावतोय, खालची बाजू तापतेय आणि सगळं रेंगाळतंय, तर बहुधा आत धूळ साठली आहे. प्रोसेसर जास्त तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आपण समजतो यंत्र म्हातारं झालं. बंद करून, प्लग काढून, जाळीतून हवेचे छोटे छोटे झोत मारा. झोताने पंखा वेड्यासारखा फिरू देऊ नका, काडीने अडवून धरा. चार-पाच वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळलेली असू शकते, ती कारागिराकडून बदलून घ्यावी. आणि लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकून घ्या. रॅम वाढवता येत असेल तर तीही. एवढ्यावर जुनं यंत्र आणखी काही वर्षं आरामात चालतं.

जागा भरल्याने फोन हळू होतो हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असू द्या. ग्रुपवर आलेले व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद केलं तरी निम्मं काम होतं.

सॉफ्टवेअरचं काय? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे ठणठणीत अवस्थेतले असंख्य संगणक एका तारखेत 'जुने' ठरले. हा प्रकार मला तरी पटलेला नाही. तुमच्याकडे असं यंत्र असेल तर ते भंगारात काढण्याआधी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट किंवा क्रोमओएस फ्लेक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकून पाहा. दोन्ही फुकट आहेत आणि लिनक्स मिंट तर पेनड्राइव्हवरून न बसवताही चालवून बघता येते. ब्राउझर, ईमेल, लेखन, व्हिडिओ एवढंच काम असलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यानंतर फरकही जाणवत नाही. मात्र एखादं खास सॉफ्टवेअर लागत असेल, हिशेबाचं किंवा डिझाइनचं, तर ते तिथे चालतं का हे आधी तपासा. आणि काहीही करण्याआधी बॅकअप.

फोनच्या बाबतीत सुरक्षा अपडेट थांबले की बँकेची कामं त्यावर करू नयेत. पण असा फोन गाणी ऐकायला, गजराला, घरातल्या कॅमेऱ्याला किंवा नुसतं वाचायला चालतोच. त्यातून महत्त्वाची खाती तेवढी काढून टाका.

पायरी ३: दुरुस्तीची सवय

बॅटरीची तब्येत सेटिंगमध्ये दिसत असेल तर बघा. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल आणि बाकी फोन ठीक असेल तर बॅटरी बदलणं ही पर्यावरणाच्या दृष्टीने सगळ्यांत फायद्याची दुरुस्ती. एक छोटा भाग बदलून चिप, पडदा, कॅमेरा, सगळं वाचतं. पर्यावरणाला महाग पडतात ते या चिपा आणि पडदे. चिप बनवायला अतिशुद्ध पाणी अफाट लागतं. २०२१ च्या दुष्काळात तैवानमध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीला कारखान्यांसाठी टँकरने पाणी आणावं लागलं होतं.

दुरुस्तीला टाकण्याआधी विचारायचे प्रश्न तीन: भाग मूळचा की दुसऱ्या बनावटीचा, कामाची हमी किती दिवसांची, आणि काढलेला जुना भाग कुठे जाणार. तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर देणारा कारागीर मिळाला तर त्याला धरून ठेवा.

स्वतः हात घालायचा असेल तर २००३ पासून चालू असलेल्या आयफिक्सिट या संकेतस्थळावर हजारो उपकरणांची फोटोंसह पायरीवार कृती फुकट मिळते. सुरुवात इअरफोनच्या केबलपासून किंवा लॅपटॉपच्या रॅमपासून करा. चिकटवलेल्या बॅटरीपासून नको, कारण ती उचकटताना वाकली किंवा भोक पडलं तर पेट घेऊ शकते. २००९ मध्ये मार्टिन पोस्टमा यांनी ॲमस्टरडॅममध्ये 'रिपेअर कॅफे' सुरू केलं: बिघडलेली वस्तू घेऊन या, जाणकारांसोबत बसून दुरुस्त करा. आता तशी केंद्रं अनेक देशांत आहेत. जवळपास नसेल तर चार हौशी माणसं, एक टेबल आणि बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच एवढ्यावरही ते सुरू होतं.

कायदाही हळूहळू ग्राहकाच्या बाजूने वळतोय. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून काही उपकरणांवर 'दुरुस्त करायला किती सोपं' याचे दहापैकी गुण छापायला लावले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोन-टॅबच्या बॅटरीत ८०० चार्जिंग चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. तुम्ही युरोपात राहत नसलात तरी याचा उपयोग आहे. बरेचसे फोन सगळीकडे तेच विकले जातात आणि त्यांच्या युरोपीय लेबलवरचे टिकाऊपणाचे आणि दुरुस्तीचे गुण इंटरनेटवर कुणालाही बघता येतात.

पायरी ४: वीज कुठे जाते ते मोजा

प्लग आणि उपकरण यांच्या मधे लावायचा वीजमापक मिळतो. तो एकदा कुणाकडून मागून आणा आणि आठवडाभर घरात फिरवा. अंदाजाने बोलणं बंद होतं.

बहुतेक घरांत धक्का देणारी वस्तू असते राउटर. दिसायला निरुपद्रवी, १० वॅटची. पण ती कधी बंदच होत नाही. १० वॅट गुणिले २४ तास गुणिले ३६५ दिवस म्हणजे वर्षाला ८७ युनिटं, फोनच्या चार्जिंगच्या जवळपास दहापट. रात्री आठ तास बंद ठेवला तर २९ युनिटं वाचतात. घरात सुरक्षेचा कॅमेरा, गजराची यंत्रणा किंवा इंटरनेटवर चालणारा दूरध्वनी असेल तर मात्र हे करू नका. बाकीच्यांनी एक साधा टायमर लावला की झालं. सिग्नल पोचत नाही म्हणून बसवलेले दोन-दोन एक्स्टेंडरही याच हिशेबात धरा. कधी कधी राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यावर ठेवला की त्यांची गरजच उरत नाही.

त्यानंतर मोठे पडदे. शंभर वॅटचा टीव्ही रोज चार तास चालला तर वर्षाला १४६ युनिटं. दुकानात झगमगाट दिसावा म्हणून लावलेला 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड घरी तसाच राहून जातो. तो बदलून साधा किंवा सिनेमाचा मोड घ्या, खोलीतल्या उजेडाप्रमाणे प्रकाश कमी-जास्त होणारी सोय चालू करा. चित्रही डोळ्याला बरं वाटतं. टीव्हीवर नुसतीच गाणी ऐकायची सवय असेल तर ती फोनवर किंवा स्पीकरवर हलवा.

लॅपटॉप कामात असताना साधारण १५ ते ३० वॅट घेतो. डेस्कटॉप मॉनिटरसह त्याच्या कैकपट, आणि खेळासाठी बांधलेला डेस्कटॉप खेळ चालू असताना ४०० वॅटच्या घरातही जातो. म्हणून ईमेल बघायला तो सुरू करू नये, एवढं पथ्य पुरे. सगळ्या यंत्रांवर पडदा पाच मिनिटांत मालवेल आणि यंत्र पंधरा-वीस मिनिटांत झोपी जाईल, असं लावून ठेवा. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही. तो जुन्या काचेच्या मॉनिटरवर डाग पडू नयेत म्हणून होता.

डार्क मोडबद्दल लोक फार उत्साहाने सांगतात. ओलेड पडद्यावर, जिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा भाग खरोखरच मालवलेला असतो, त्यामुळे फायदा आहे. पण अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं तेव्हा ३० ते ५० टक्के उजळपणावर बचत ३ ते ९ टक्केच निघाली. ३९ ते ४७ टक्क्यांची मोठी बचत दिसते ती पडदा पूर्ण उजळ असताना. एलसीडी पडद्याला जवळपास काहीच फरक पडत नाही. उजळपणा खाली आणणं हाच सरळ उपाय.

आणि तो प्लगमधला चार्जर. फोन न लावता नुसता खोचलेला आधुनिक चार्जर सहसा एक दशांश वॅटपेक्षाही कमी वीज घेतो, म्हणजे वर्षभरात युनिटभरही नाही. काढायचा तर जरूर काढा, पण त्याचं समाधान मानून नवा फोन मागवू नका. स्टँडबायचा खरा त्रास जुन्या यंत्रांचा आणि सेट-टॉप बॉक्सचा. झोपेत असतानाही काही बॉक्स १० वॅटच्या आसपास ओढतात. त्यांच्यासाठी बटणाचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि रात्री एकदम सगळं बंद करा.

पायरी ५: इंटरनेट, क्लाउड आणि एआय

इथे गैरसमज सर्वाधिक आहेत. अर्धा तास व्हिडिओ बघितला की दीड किलोवर कार्बन, असा एक आकडा मध्यंतरी खूप फिरला. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२० मध्ये हिशेब तपासला तेव्हा तासाभराच्या स्ट्रीमिंगमागे सुमारे ३६ ग्रॅम निघाले, आणि त्यातली बहुतेक ऊर्जा डेटा सेंटरमध्ये नव्हे तर बघणाऱ्याच्या घरातल्या उपकरणात जाते असं दिसलं. म्हणजे तीच मालिका मोठ्या टीव्हीऐवजी लॅपटॉपवर किंवा फोनवर बघितली की खर्च कित्येक पटींनी उतरतो. छोट्या पडद्यावर ४के लावण्यात अर्थ नाही. ४के ला तासाला सुमारे ७ जीबी लागतात आणि साध्या दर्जाला १ जीबी. एकामागून एक व्हिडिओ आपोआप चालू होणं तेवढं बंद करा. घरी वायफायवर उतरवून घेऊन प्रवासात बघणं मोबाइल डेटापेक्षा चांगलं.

ईमेल पुसणं? इनबॉक्स स्वच्छ होतो, एवढंच. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या दुष्काळाच्या काळात पाणी वाचवण्यासाठी जुने ईमेल आणि फोटो पुसा, असा सल्ला तिथल्या सरकारी दुष्काळ गटाने दिला आणि जाणकारांनी तो उडवून लावला. नको असलेली वृत्तपत्रकं बंद करा, क्लाउडवर तेच तेच फोटो तीन जागी चढत असतील तर दोन बंद करा, आणि पुढे चला. पुसत बसण्यात लॅपटॉप दोन तास चालू राहिला तर वाचलेलं त्यातच गेलं.

एआयचा प्रश्न जरा गुंतागुंतीचा आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या एका साध्या मजकुरी प्रश्नामागे मध्यक (सगळ्या प्रश्नांतला मधला आकडा) धरून ०.२४ वॅट-तास वीज लागते. म्हणजे असे शंभर प्रश्न आणि फोनचं एकदाचं चार्जिंग सारखंच. हा कंपनीने स्वतः दिलेला आकडा आहे आणि त्यात मॉडेल शिकवण्याचा खर्च नाही, हे ध्यानात ठेवा. चित्र, आणि त्याहून व्हिडिओ बनवून घ्यायला मजकुरापेक्षा खूप जास्त वीज लागते. एकेकट्याचा वापर छोटा असला तरी बेरीज मोठी आहे: डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिटं वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हे दुपटीवर जाईल असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. माझं मत असं की कामासाठी विचारलेल्या प्रश्नांचा अपराध वाटून घेऊ नये, आणि गंमत म्हणून पन्नास व्हिडिओ बनवू नयेत.

पायरी ६: घ्यायचंच असेल तर

आधी महिनाभर थांबा. महिन्यानंतरही गरज तशीच वाटली तर पहिली पसंती रिफर्बिश्डला, म्हणजे तपासून, दुरुस्त करून, हमीसह विकलेल्या वापरलेल्या वस्तूला. तिच्या उत्पादनाचा भार आधीच होऊन गेलेला असतो. विकत घेताना बॅटरीची तब्येत, हमीचा काळ आणि अपडेट किती वर्षं उरलेत हे विचारा. स्वस्त मिळतोय म्हणून वर्षभरात अपडेट संपणारा फोन घेतलात तर वर्षभरात पुन्हा याच पायरीवर याल.

नवाच घ्यायचा तर अपडेटची मुदत पाहा, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे. नेदरलँड्सची फेअरफोन कंपनी साध्या स्क्रूड्रायव्हरने बॅटरी बदलता येईल असे फोन बनवते. स्टोरेज पुरेसं घ्या, कारण बहुतेक फोनमध्ये ते नंतर वाढत नाही आणि तेच भरल्याने फोन बदलला जातो. लॅपटॉप घेताना रॅम आणि डिस्क बदलता येतात का, हे आवर्जून विचारा. वायरलेस इअरबड घेताना दोनदा विचार करा: बहुतेकांच्या इवल्या बॅटऱ्या बदलताच येत नाहीत. वायरचे इअरफोन दहा वर्षं चालतात.

खोक्यावरच्या हिरव्या शब्दांनी भुलू नका. 'कार्बन न्यूट्रल' (जेवढं उत्सर्जन तेवढी भरपाई केलेलं) घड्याळ म्हणून ॲपलने केलेली जाहिरात ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयाने दिशाभूल करणारी ठरवली. भरपाई म्हणून दाखवलेल्या निलगिरीच्या बऱ्याचशा लागवडीचे भाडेकरार २०२९ मध्येच संपत होते. आणि बांबूचं कव्हर घातलेला नवा फोन हा नवा फोनच.

पायरी ७: निरोप देताना

आधी बॅकअप. मग फोनमधल्या खात्यातून बाहेर पडा आणि 'माझा फोन शोधा' ही सोय बंद करा. हे विसरलं तर फोन जुन्या मालकाच्या नावाने कुलूपबंद राहतो आणि चांगला चालणारा असूनही सुट्या भागांसाठी फोडला जातो. त्यानंतर फॅक्टरी रीसेट. आधुनिक फोनमधली माहिती कूटबद्ध असते आणि रीसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे तेवढं पुरतं. जुन्या हार्ड डिस्कवर मात्र सगळीकडे नव्याने लिहून पुसणारं सॉफ्टवेअर चालवा. एसएसडीसाठी तिच्या कंपनीचं स्वतःचं साधन वापरा.

चालू असेल तर आधी द्या किंवा विका. खरंच मेलं असेल तरच पुनर्वापर केंद्र, म्हणजे वस्तू फोडून तिच्यातले धातू परत काढणारी जागा. 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर'च्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, फ्रिज आणि वॉशिंग मशीन धरून. त्यातला नोंदणीकृत पद्धतीने गोळा होऊन प्रक्रिया झालेला अवघा २२.३ टक्के. उरलेल्यातला बराच उघड्यावर जातो. तांबं मिळावं म्हणून वायरी जाळतात, सोनं सुटावं म्हणून सर्किट बोर्ड आम्लात बुडवतात, आणि ते करणाऱ्याच्या फुप्फुसात आणि जमिनीत शिसं जातं. घानामधलं अगबोगब्लोशी आणि चीनमधलं ग्वेयू यासाठीच कुप्रसिद्ध झाले.

नीट गोळा केलं तर काय निघतं, ते टोकियो ऑलिम्पिकने दाखवलं. तिथली सगळी पदकं लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतून बनली: सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणं, त्यांत ६२ लाखांवर मोबाइल, आणि हाती आलं ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी. पण कोबाल्ट, टँटलम, निओडिमियम यांसारखे धातू अजून फारसे परत मिळत नाहीत. पुनर्वापर हा दुरुस्तीला पर्याय नाही, तो त्यानंतरचा थांबा.

देण्याआधी केंद्र अधिकृत आहे का ते पाहा, आणि पावती मागा. बॅटरी निघत असेल तर काढून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा. बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात कधीही टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की पेटतात. फोनचा मागचा भाग फुगलेला दिसला, पडदा कडेने उचलला गेला, तर चार्ज करणं तत्काळ थांबवा. दाबू नका, टोचू नका. वाळू घातलेल्या धातूच्या डब्यात ठेवून तो घराबाहेर, सावलीत ठेवा आणि केंद्राला आधी फोन करून फुगलेली बॅटरी आणतोय असं स्पष्ट सांगा. तुटलेल्या चार्जरच्या वायरी, जुने रिमोट, मेलेले इअरफोन हेही ई-कचराच, त्यांत तांबं असतं. त्यांच्यासाठी दाराजवळ एक खोका ठेवा आणि भरला की एकदाच नेऊन द्या.